उसाचा हंगाम लागला की गाडीचं ॲव्हरेज का पडतं?

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीशी ताडून बघता येईल. गाडी २०१६ ची, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक. रोजचं जाणं-येणं कोल्हापुरात, फुलेवाडी ते उद्यमनगर, एका बाजूला सहा-सात किलोमीटर. रविवारी कधी जोतिबा, कधी पन्हाळा. उन्हाळ्यात साडेसोळा-सतरा देणारी गाडी दिवाळी झाली की चौदावर यायची. डॅशबोर्डवर दिवा नाही, आवाज नाही, धूर नाही, पिकअप ठीक. आणि शिमगा झाला की गपचूप परत सोळाच्या पुढं.

सलग तीन हिवाळे हेच चाललं. घोळ असा झाला की दर वर्षी मी जानेवारी-फेब्रुवारीत काहीतरी बदलायचो आणि मार्चमध्ये ॲव्हरेज सुधारायचं. पहिल्या वर्षी एअर फिल्टर आणि प्लग बदलले, सुधारलं. दुसऱ्या वर्षी इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, सुधारलं. मी चार लोकांना छातीठोकपणे सांगितलं की इंजेक्टर क्लिनिंग करून घ्या, फरक पडतो. प्रत्यक्षात फरक ऊन पाडत होतं, पैसे मी गॅरेजला देत होतो. तिसऱ्या वर्षी ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघालो होतो, तेवढ्यात सुदैवानं पेट्रोलच्या हिशोबाची वही हातात आली.

आधी खरंच पडलंय का ते मोजा

माझं लेथचं शॉप आहे. मापाशिवाय जॉब पास करायचा नाही ही सवय, पण गाडीच्या बाबतीत मी वर्षभर 'पाचशेचं टाक' म्हणत पेट्रोल भरत होतो आणि काट्याकडं बघून अंदाज बांधत होतो. त्यानं काही कळत नाही.

टाकी फुल करा. नोझल खटकन बंद झालं की बास. पंपावरचा पोरगा 'रकमेला राऊंड करतो' म्हणून आणखी ओततो, ते करू देऊ नका. माप बिघडतंच, शिवाय टाकीतली वाफ शोषणारा जो कॅनिस्टर असतो त्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो. ट्रिप मीटर शून्य करा. निदान तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तसंच पहिल्या खटक्यापर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन टाक्या बघा. डॅशबोर्डवरचा आकडा माझ्या गाडीत खऱ्यापेक्षा जवळजवळ एकानं जास्त दाखवतो. त्याचा उपयोग तुलनेपुरता.

पंपावर संशय असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप पंपावर असतं. ते मागून तुमच्यासमोर भरून घेता येतं. पाच लिटरमागं २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. पण जरा गणित करा. सतराची गाडी नुसत्या मापातल्या चोरीमुळं चौदावर यायची असेल, तर पंपवाल्यानं पाच लिटरमागं जवळजवळ नऊशे मिली हाणायला पाहिजेत. एवढं धाडस सहसा कुणी करत नाही. आपण मात्र पहिलं नाव त्याचंच घेतो.

वहीत मी टाकीगणिक तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेरा असं लिहायला लागलो. शेरा म्हणजे 'एसी', 'पन्हाळा', 'कागल दोनदा' असं काहीबाही. त्या शेऱ्यांनीच पुढं वाट दाखवली.

ट्रॉल्यांवर खापर

माझा पहिला संशय तुमचाही असणार. नोव्हेंबर उजाडला की गळीत हंगाम, कुडित्र्याच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं लाल दिवा असेल तर नशीब. त्यांच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये सरपटायचं म्हटल्यावर ॲव्हरेज पडणारच. वर्ष-दीड वर्ष मी हे कारण मनाशी पक्कं धरून बसलो होतो.

ते मोडलं २०२३ च्या नोव्हेंबरात. ऊसदराच्या आंदोलनामुळं त्या वर्षी तोडी थांबल्या, बरेच दिवस रस्त्यावर ट्रॉली दिसेना. रस्ता मोकळा आणि ॲव्हरेज तरीही घसरायला लागलेलं. शिवाय वही नीट बघितल्यावर कळलं की माझ्या रोजच्या वाटेवर, शहरात, ट्रॉल्या तशा फार नसतातच. त्या रविवारी भेटतात आणि लक्षात राहतात.

मग इथेनॉल?

दुसरा संशयित. आमच्याच उसाचं मळीवाटे इथेनॉल होतं आणि आमच्याच टाकीत येतं, त्यामुळं कोल्हापुरात यावर प्रत्येकाचं ठाम मत आहे. मत बाजूला ठेवून आकडे बघू.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळं २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. नीती आयोगानं २०२१ मध्ये इथेनॉलचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही जुन्या, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घट धरली आहे. १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. देशात १० टक्के मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये गाठलं गेलं आणि पुढच्या तीन वर्षांत ते २० वर गेलं.

म्हणजे घट खरी आहे. ती मी माझ्या वहीत बघितली आहे, उन्हाळ्यातला आकडासुद्धा दर वर्षी थोडा थोडा खाली आलाय. पण यातून सतराचे सोळा होतील, चौदा होणार नाहीत. आणि कारखाना नोव्हेंबरात सुरू होत असला तरी पंपावर इथेनॉल बाराही महिने मिसळलेलं येतं. जे कारण बारा महिने हजर असतं ते मार्चमध्ये रजेवर कसं जाईल? हा प्रश्न मी स्वतःला विचारायला दोन वर्षं घेतली.

वहीतला खोडसाळ शेरा

ज्या टाकीपुढं 'पन्हाळा' असा शेरा होता, ती टाकी हिवाळ्यातसुद्धा बरी निघायची. चढाची वाट असूनही. उलट जी टाकी नुसत्या फुलेवाडी-उद्यमनगर फेऱ्यांत संपली, ती सगळ्यांत वाईट. लांबच्या फेरीत ॲव्हरेज बरं येतं हे मला ठाऊक होतंच, पण फरक फारच मोठा होता. चढावर इंजिनाला मेहनत पडते आणि ते नीट गरम होतं. इथं पहिल्यांदा डोक्यात आलं की ही गाडी एरवी तापतच नसेल तर?

माझ्या गाडीला तापमानाचा काटा नाही. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना नसतो. सुरू केल्यावर निळा दिवा लागतो, थोड्या वेळानं जातो. जास्त तापली तर लाल लागतो. निळा दिवा पन्नास-साठ अंशांच्या आसपास विझतो आणि आपल्याला वाटतं इंजिन गरम झालं. इंजिनाचं खरं काम चालतं ८५ ते ९५ अंशांना. मधल्या तीस-चाळीस अंशांत काय चाललंय ते सांगणारं डॅशबोर्डवर काहीच नाही.

शॉपमधल्या पोराकडं ओबीडीचा डोंगल होता, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा. स्टिअरिंगखाली सॉकेट असतो, त्यात बसवायचा, मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा, ॲपमध्ये कूलंटचं तापमान दिसतं. जानेवारीतल्या सकाळी घरून निघालो. रंकाळा टॉवरला ४८. मिरजकर तिकटीला ६३. शॉपच्या दारात गाडी बंद केली तेव्हा ६६. म्हणजे रोज सकाळी मी थंड इंजिनावर जायचो, संध्याकाळी थंड इंजिनावर यायचो.

पण सहा किलोमीटरच्या फेरीत चांगली गाडीसुद्धा गरम व्हायला निम्मी वाट घेते, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नव्हता. निकाल लागला महामार्गावर. कागलहून परत येताना सिग्नलच्या गर्दीत ७० पर्यंत चढलेलं तापमान ८० च्या वेगाला लागल्यावर खाली यायला लागलं. ६८, ६५, ६१. वेग वाढला की इंजिन गार होतंय! थर्मोस्टॅट शाबूत असलेल्या गाडीत हे होत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली झडप. आत मेण भरलेलं असतं, पाणी ठरावीक तापलं की ते मेण फुगतं आणि झडप उघडतं. तोवर पाणी रेडिएटरकडं जातच नाही, इंजिनातच फिरतं आणि लवकर गरम होतं. झडप कायमची उघडी राहिली, किंवा नसलीच, तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहतं.

इंजिन गार आहे असं सेन्सरनं सांगितलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तीचं पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत चोक ओढायचो, तोच प्रकार. फक्त हा चोक आत ढकलायला कुणी नाही. ऑइलही घट्टच राहतं, त्याची ओढ वेगळी. उन्हाळ्यात बाहेरच ३७-३८ अंश असतात, रेडिएटर तेवढा गार करू शकत नाही, इंजिन कसंबसं ऐंशीला पोचतं आणि ॲव्हरेज सुधारतं. हिवाळ्यात सकाळी १५ अंश. माझ्या तीन वर्षांच्या कोड्याचं उत्तर एवढंच.

झडप गेली कुठं?

बॉनेट उघडून हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. रिकामं. तेव्हा आठवलं.

मे २०२२. कोकणातून येताना करूळ घाटात, पाच माणसं, एसी, आंब्याच्या पेट्या. गगनबावड्याच्या अलीकडं लाल दिवा लागला. गाडी गार करत करत वर आलो आणि वाटेत एका मेस्त्रीला दाखवली. त्यानं अर्ध्या तासात काम केलं आणि हात पुसत म्हणाला, "वॉल काढून टाकलाय बघा मालक. आता गाडी तापायची बातच न्हाई."

वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. शब्द खरा केला गड्यानं. गाडी पुन्हा तापलीच नाही.

त्या माणसावर माझा राग नाही. ही रीत गॅरेजमध्ये जुनी आहे. गाडी तापते म्हणून आली की वॉल काढा, गिऱ्हाईक परत येत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात ती खपून जायची. इंजेक्शनच्या गाडीत तिची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते, आणि गार इंजिनाची झीजही जास्त होते. मुळात गाडी तापली का, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या गाडीत रेडिएटर फॅनचा रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा स्विच, धरसोड करत होता. कधी लागायचा, कधी नाही. घाटातल्या कमी वेगात, चढावर, फॅन न लागल्यावर दुसरं काय होणार.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी गाडी तापण्याचं कारण काढा: फॅन, रिले, कूलंटची गळती, मातीनं चोंदलेला रेडिएटर. ते झाल्यावर थर्मोस्टॅट बसवा. उलटं केलंत तर पुढच्या घाटात परत लाल दिवा, आणि परत कुणीतरी वॉल काढून देईल. थर्मोस्टॅट कंपनीनं सांगितलेल्या अंशांचाच घ्या, 'थोडा गार घालूया' ऐकू नका. नळाचं पाणी नको, कूलंट भरा आणि सिस्टीममधली हवा नीट काढून घ्या, नाहीतर हवेच्या फुग्यामुळं सेन्सर भलतंच दाखवतो. हे सगळं मिळून माझा खर्च एका टायरच्या किमतीपेक्षा कमी झाला. आधीच्या तीन वर्षांतले 'उपाय' त्याच्या कितीतरी पट होते.

डोंगल नसेल तर हातानंही पारखता येतं. सकाळी गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज चाचपत राहा, हात फॅन आणि बेल्टपासून लांब. झडप चांगली असेल तर होज काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. झडप उघडी असेल तर सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडं असतो, तिथं ही परीक्षा फसते. हीटर चालू करून कितपत गरम हवा येते हेही बघतात, पण कोल्हापुरात हीटर लावतो कोण? काही गाड्यांत स्कॅनरवर पी-०१२८ हा कोड येतो, म्हणजे कूलंट हवं तेवढं तापत नाही. माझ्या गाडीनं तीन वर्षांत तो कधी दिला नाही, त्यामुळं कोड नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

ज्यांचं ॲव्हरेज पावसाळ्यात पडतं त्यांच्यासाठी

मेव्हण्याच्या गाडीचं दुखणं उलट. जुलै-ऑगस्टमध्ये ॲव्हरेज पडायचं, दसऱ्यापर्यंत सुधारायचं. त्याच्याकडं कारण तयार होतं, खड्डे. खड्ड्यांनी पडतं, पण चार किलोमीटरनं नाही पडत.

त्याचं चाक ब्रेकनं धरलं होतं. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यांच्यावरची रबरी टोपणं फाटलेली, आत चिखलपाणी जाऊन पिना गंजल्या, आणि पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहायचं. सर्व्हिसिंगमध्ये पिना साफ करून ग्रीस लावलं की दोन महिने बरं, मग परत तेच, कारण टोपणं कुणी बदललीच नव्हती. तिथं साधं ग्रीस चालत नाही, ते रबर खातं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मागून घ्या.

ओळखायला सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक कमीत कमी वापरत दहा किलोमीटर चालवा, थांबा, चारही चाकांच्या जवळ तळहात न्या. हात लावू नका, नुसता जवळ. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं लागलं तर तेच. पाण्याचा शिंतोडा मारल्यावर चर्र आवाज येतो. नंतर जॅकवर घेऊन हातानं फिरवून खात्री करा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली तर मागचे शू ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावलेला बरा.

बाकीची कारणं, भराभर

टायरमधली हवा. दर ५-६ अंश तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते, त्यामुळं मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरात आपसूकच उतरलेली असते. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो तेवढी, टायर गार असताना भरा. पाच पीएसआय कमी असेल तर एक-दोन टक्क्यांचा फरक, त्यापेक्षा चमत्काराची अपेक्षा नको. टायरचा साइझ वाढवला असेल तर मीटरच कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज न पडताही पडल्यासारखं दिसतं.

एअर फिल्टर सगळे पहिल्यांदा बदलायला सांगतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तर पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं पडत नाही, कारण हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो. वेळेवर बदला, पण यासाठी नको.

ऑइल बघा. 'इंजिन जुनं झालंय, घट्ट ऑइल घालू' म्हणून ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातलेल्या गाड्या मी बघितल्यात. सर्व्हिसिंगनंतर लगेच ॲव्हरेज पडलं असेल तर बिलावरची ऑइलची ओळ आधी वाचा.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून स्कॅनर लावा. ऑक्सिजन सेन्सर गेला तर ॲव्हरेज खरंच दणकून पडतं. फक्त कोड वाचल्याशिवाय सेन्सर बदलू नका, मी बदलणार होतो तसा.

बीएस-६ डिझेल असेल आणि फिरणं सगळं शहरातलं असेल, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल जाळते. अधूनमधून महामार्गावर अर्धा तास सलग चालवली की फरक दिसतो.

माझ्या गाडीचं पुढं काय झालं ते सांगतो. थर्मोस्टॅट बसवल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात टाक्या निघाल्या १५.४, १५.८, १५.६. जुने सतरा काही आले नाहीत. गेलेला एक किलोमीटर इथेनॉलचा, तो सोडून दिला. सकाळी आता मिरजकर तिकटीच्या आधीच ८० अंश दिसतात. मे महिन्यात मुद्दाम करूळ घाट चढवला, एसी बंद ठेवून, म्हणजे फॅन स्वतःच्या अकलेनं लागतो का ते कळावं. ९७ ला लागला, ९१ वर आणून बंद झाला, वर येईतो असं पाच-सहा वेळा झालं. मागच्या सीटवरून बायकोनं विचारलं, एसी लावायला गगनबावडा यायची वाट बघायची का. लावला.